मागितलेला कडू घास

विश्वजीतनं फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. 'या घरात फक्त चांगलंच बोललं जातं.' कस्तुराबाईंना वाचता येत होतं, हीच पंचाईत. दूध काढायला गेलं की कागद समोर, भाजी काढायला गेलं की कागद समोर, आणि दर वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलायची सोय नव्हती. बोललं की ते निगेटिव्ह ठरायचं.

शिरूरच्या या फ्लॅटात त्या सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण स्नेहलची आई ती लहान असतानाच गेलेली. म्हणून खुटबावचं घर आणि गुरं दिराच्या, बबनरावांच्या, हवाली करून कस्तुराबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीनं आल्या. आठव्या महिन्यातच स्नेहलला अचानक त्रास सुरू झाला. दवाखान्यात नेलं, पोट उघडावं लागलं, आणि मुलगी गेलेलीच निघाली.

स्नेहल पुरती गुंगीत होती. तिनं पोरीचं तोंड पाहिलं नाही. विश्वजीतनंही पाहिलं नाही. तो आधी डॉक्टरांशी बोलत होता, मग फोनवर बोलत होता, मग औषधं आणायला गेला. नर्सनं गुंडाळलेली पोर पुढं केली तेव्हा घ्यायला एकट्या कस्तुराबाई उभ्या होत्या. बबनराव जीप घेऊन आले. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे खुटबावपर्यंत सगळी वाट पोर आजीच्या मांडीवर होती. शेताच्या खालच्या बांधाला दिरानं खड्डा घेतला आणि कस्तुराबाईंनी स्वतःच्या हातानं तिला खाली ठेवलं.

त्या परत आल्या तर विश्वजीतनं त्यांना दवाखान्याच्या जिन्यातच गाठलं. स्नेहलला यातलं काही म्हणजे काही सांगायचं नाही, असं तो म्हणाला. पोर कशी दिसत होती, कुठं ठेवली, एक अक्षर नाही. तिनं आता पुढं बघायला पाहिजे. मग त्यानं त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, आई."

एकुलता एक पोरगा. नवरा गेल्यापासून त्यांचं जे काही होतं ते या गळ्यापाशी येऊन थांबत होतं. त्यांनी मान हलवली. जिन्यातून वर येईतो त्यांना कळून चुकलं होतं की आपण मूर्खपणा केला, आणि तेव्हापासून पंधरा दिवस त्या पोरावर आणि स्वतःवर सारख्याच चिडलेल्या होत्या.

विश्वजीत वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर मोकळेपणानं ओरडता येतं. रांजणगावला कंपनीत हेल्पर म्हणून लागला तेव्हा त्याच्या गालात कायम तंबाखू असायची आणि घरी आला की आदळआपट. मग कंपनीनं त्याला कुठल्याशा रिसॉर्टवर शिबिराला धाडलं. कोट घातलेल्या एका माणसानं तिथं म्हणे दिवसभर टाळ्या वाजवून घेतल्या आणि आरशात बघून स्वतःचं कौतुक करायला लावलं. कस्तुराबाई पोट धरून हसल्या होत्या. पण पोरगा तंबाखू टाकून आला, हे खरं. पहाटे उठायला लागला, इंग्रजी शिकला, सुपरवायझर झाला. त्या वेळी त्यांनी अख्ख्या खुटबावात मिरवून सांगितलं होतं की आमच्या विश्वाला अक्कल आली. त्याच अकलेनं आता घरादाराचं तोंड शिवून टाकलं होतं.

दवाखान्यातून आल्या आल्या त्यानं बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. कुणी भेटायला येऊ नये, आम्हाला सहानुभूती नको, फक्त चांगल्या शुभेच्छा द्या. लोकांना तेवढंच हवं होतं. सगळ्यांनी अंगठे पाठवले आणि आपापली दारं लावून घेतली. पाळणा मित्राकडं गेला, बाळाची दुपटी कुठं गेली ते कस्तुराबाईंनाही कळलं नाही. हॉलमध्ये उगवत्या सूर्याचं चित्र आलं.

स्नेहलच्या अंगाला मात्र कुणी शिबिराला धाडलं नव्हतं. तिला दूध आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तरी पदर भिजायचा. कस्तुराबाई दुपारी तिच्या छातीला घट्ट फडकं बांधून द्यायच्या. असंच बांधताना एकदा तिनं खाली बघत सासूला विचारलं, "आत्या, कशी होती ती?"

कस्तुराबाईंच्या डोळ्यांसमोर विश्वजीतचा गळा आला. त्या म्हणाल्या, झोप आता, अंगात ताकद न्हाई तुझ्या. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा त्यांनी काहीतरी उडवाउडवी केली. मग स्नेहलनं विचारणं सोडलं. सासूलाही काही वाटत नाही असंच तिनं धरलं असणार, आणि हा विचार आला की कस्तुराबाई हातातलं भांडं आपटायच्या. विश्वजीत आतून म्हणायचा, आई, एनर्जी.

एनर्जीवरून आठवलं. जेवताना एक खेळ असायचा. दिवसभरात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी प्रत्येकानं सांगायच्या, सांगितल्याशिवाय ताटावरून उठायचं नाही. विश्वजीत स्वतः भराभरा सांगायचा. कंपनीतली लाइन एकदाही बंद पडली नाही, साहेबांनी नावानं हाक मारली, येताना ट्रॅफिक लागलं नाही. कस्तुराबाई म्हणायच्या, मला मेलीला काय घडतंय, मी जिवंत हाय ही एक धर आन् पुढं चल. तो हसायचा. स्नेहल मात्र शाळेत उभं केल्यासारखी एकेक गोष्ट शोधून काढायची.

त्या बुधवारी ती म्हणाली, भाजी चांगली झाली. मग म्हणाली, ऊन जरा कमी होतं. तिसरी काही सापडेना. विश्वजीत धीर देत होता, घाई नाही, शोध, असतेच. तिनं भाताची दोनतीन शितं बोटानं इकडची तिकडं केली.

"आज दूध कमी आलं," ती म्हणाली.

आणि विश्वजीतनं टाळी वाजवली. "व्हेरी गुड. बघ, ही खरी प्रोग्रेस."

कस्तुराबाईंचा घास तोंडातच राहिला. हाताखालचं ताट उचलून याच्या टाळक्यात घालावं असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. पोरीच्या वाटणीचं दूध आटलं आणि हा टाळ्या वाजवतो. सुधारलेल्या माणसाला बायकोचं दुःख समोर बसून बघता येत नसेल, तर तो सुधारला म्हणायचा कशावरून? त्यांनी स्नेहलकडं बघितलं. ती हसली होती. ते हसू बघून त्या घाबरल्या. ही पोर अशीच हसत राहिली तर एक दिवस आतून संपून जाईल आणि हा टाळ्या वाजवत राहील.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्यांनी समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं.

समोर ललिता राहायची. एसटी डेपोत कारकून होती, आज रजेवर होती. तिच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो होता. कस्तुराबाई आल्यापासून दोनदा तिथं बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा आज उपास आहे म्हणून त्यांनी चहासुद्धा टाळला होता. तो उपास कसला ते ललिताला बरोबर कळलं होतं. तिनं बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

आज कस्तुराबाईंना तिच्याकडं अन्न मागायचं होतं, आणि तेही असलं. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. तो कडू घास. त्यानंतर माणसं बोलायला लागतात, रडायला लागतात, गेलेल्याचं नाव घेतात. तो घास घरच्यांनी रांधायचा नसतो आणि मागायचा तर मुळीच नसतो. जन्माआधीच गेलेल्या पोरीसाठी तर तो कुणी आणतही नाही. सकाळभर कस्तुराबाई विचार करत होत्या की असल्या रीतीला आता कोण विचारतंय.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. माझ्या नातीचा कडू घास तुझ्या घरून पाहिजे.

ललितानं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "आज उपास न्हाई का, मावशी?"

"उपास कवाच नव्हता," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा तापला होता. "तुला माहीत हाय ते. बोल काय बोलायचंय ते, मी ऐकून घेते."

ललितानं फक्त विचारलं की विश्वजीत किती वाजता येतो. जेवायच्या वेळेला आणते, म्हणाली.

ती आली तेव्हा तिघं ताटावर बसले होते, आणि विश्वजीतनं त्याची पहिली चांगली गोष्ट नुकती सांगायला घेतली होती. ललिताच्या हातात पिठल्याचं पातेलं, त्यावर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. फडकं बघूनच विश्वजीतला कळलं. खेड्यात वाढलेला माणूस, त्याला कळणारच. तो उठून दारात आडवा उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला की ताई, माझा मेसेज तुम्ही वाचला नसेल.

"वाचला होता," ललिता म्हणाली. "म्हणून तर यायला उशीर झाला."

ती त्याच्या बाजूनं आत आली, खाली बसली आणि स्नेहलच्या ताटात भाकरी ठेवून तिनं पिठलं वाढलं. स्नेहल त्या ताटाकडं बघत राहिली. मग तिनं तुकडा मोडला आणि खाल्ला. विश्वजीत मागून बोलतच होता. आपलं ठरलं होतं, असल्या गोष्टी माणसाला मागं ओढतात, किती कष्टानं ही पुढं आली आहे.

"पुढं तू गेलास," कस्तुराबाई म्हणाल्या. "ती आजून त्या आपरेशनच्या टेबलावरच पडलीया."

स्नेहलनं दुसरा घास गिळला आणि मान वर केली. या वेळी तिनं खाली बघून विचारलं नाही.

"आत्या, माझी पोरगी कशी होती?"

"आई," विश्वजीत म्हणाला. त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला होता. "शपथ आहे तुला माझी."

कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. या गळ्याला काविळीत त्यांनी महिनाभर उसाचा रस पाजला होता, याच्यासाठी नवस केले होते.

"मोडली शपथ," त्या म्हणाल्या. "तुझ्या गळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मला जित्या पोरीचं बघू दे."

ललिताच्या हातातला डाव तसाच राहिला. आई पोराला असं बोलत नाही. कस्तुराबाईंनाही ते शब्द कानावर पडल्यावर धडकी भरली, पण थांबल्या असत्या तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं. त्या स्नेहलजवळ जाऊन बसल्या आणि बोलायला लागल्या.

"सावळी होती, तुझ्यावाणी. डोकं केसांनी भरल्यालं. उजवा कान जरा दुमडल्याला, मी तो सरळ करत होते. बोटं लांब लांब. न्हावऱ्याच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली तवा मी तिचं डोस्कं घट्ट धरलं, तिला लागंल म्हणून. आपल्या खालच्या बांधाला हाय ती. तुझं टाकं सुकलं की मी तुला घेऊन जाते, कोण अडवतंय ते बघते."

स्नेहलनं टाहो फोडला. इतके दिवस या पोरीच्या आत एवढा आवाज होता हे कुणाला माहीत नव्हतं. ललितानं तिला धरलं, कस्तुराबाईंनी धरलं, आणि तिघी तिथंच पिठल्याच्या पातेल्याजवळ एकमेकींवर कोसळल्या. बिल्डिंगमध्ये कुणाचंतरी दार उघडल्याचा आवाज आला.

विश्वजीत धावला तो बाल्कनीचं दार लावायला.

"उघडं ऱ्हाऊ दे ते," कस्तुराबाई म्हणाल्या. "ऐकू दे लोकांना. आमच्या घरात मयत झालंय."

त्यानं कडीवर ठेवलेला हात काढला नाही, पण दारही लावलं नाही. तो पाठमोराच उभा राहिला. स्नेहल रडून रडून दमली, हुंदके राहिले, तरी तो वळला नव्हता. मग त्यानं काहीतरी विचारलं. आवाज एवढा बारीक होता की कस्तुराबाईंनी त्याला पुन्हा बोलायला लावलं.

"माझ्यासारखं काय होतं का तिच्यात?"

"बघायला पाहिजे होतंस," त्या म्हणाल्या. "दोन पावलांवर फोन धरून उभा होतास तू. मी हाका मारल्या, तसा औषधांच्या नावानं निघून गेलास."

"मला न्हाई जमलं, आई."

"मग तसं म्हणायचं. टाळ्या कशाला वाजवल्यास?"

ललितानं उरलेली भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली. तो येऊन बसला. घास तोंडात घातला, पण तो खाली उतरेना, तसाच गालात धरून तो आईकडं बघत राहिला. कस्तुराबाईंचा राग अजून उतरला नव्हता. तो गिळेपर्यंत त्या थांबल्या.

"हनुवटी," त्या म्हणाल्या. "हनुवटी तुझी होती."