लेकीसाठी वाजणारी शिट्टी

माझ्या मुलाला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नाही. जेवता जेवता उठतो, पाणी आणायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. दारात आलेल्या गॅसवाल्यालासुद्धा डोक्यापासून पायापर्यंत मोजतो. कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो तो. दोन वर्षं ओळीने कप आणला, आणि तेव्हापासून याचा जीव थाऱ्यावर नाही. जिंकलेल्यातल्या निम्म्या मुली शिकून बाहेर पडल्या.

"उरलेल्यांवर भागणार नाही, आई. होत्या त्यांच्याहून सरस पोर हवी."

आणली मग एक. ही ताडमाड. मी तिला तोंडावर उंटीण म्हणते, तर हसते.

अडचण एवढीच, की संघात तिची जागा आणि माझ्या नातीची जागा एकच. नात म्हणजे याचीच लेक.

ती आठवडाभर घरात भांडी आपटत होती. विचारलं तर म्हणाली, "आजी, तूच सराव बघायला ये. मी सांगितलं तर चुगली वाटेल."

गेले. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, पण माझा मुलगा कळतो. त्याने दोघींना समोरासमोर लावलं. उंटीण नातीला चुकवून घुसली, की याची शिट्टी. "पाय चुकला, पुन्हा." पुन्हा घुसली, पुन्हा शिट्टी. नात पुढे गेली, की हा गप्प. पाय कुणाचाच चुकत नव्हता. बाकीच्या पोरी खाली बघत उभ्या होत्या, त्यावरूनच समजलं.

शेवटी नातीनेच चेंडू काखेत धरला. "बाबा, मला हरू तरी द्या. ती कशी निसटते ते दिसल्याशिवाय मी अडवू कशी?"

"लक्ष खेळात ठेव," म्हणाला, आणि सगळ्यांना पळायला लावलं.

परतताना नात गाडीत मागे, खिडकीला डोकं टेकून. हा सिग्नलला बोटं वाजवत बसला. मग हळूच मला म्हणाला, "शनिवारी पहिला सामना. कुणाला उतरवू, समजत नाही."

"समजतंय, म्हणून तर चैन नाही तुला," मी म्हटलं. मागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "उंटीण खेळेल. ही बसेल, आणि रोज तिच्याशी झुंजून तिच्या तोडीची होईल. लाड घरी कर. दोन वर्षं लोकांच्या लेकींना खरं तोंडावर सांगत आलास, आता आपल्या लेकीलाही सांग."