सहा मीटर उंचीचं घर

पैज लागली ती रबराच्या एका चकतीवरून.

गहिनीनाथानं साखर कारखान्यातनं रिटायर झाल्यावर भंगारातली मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, गॅस, बेसिन, मागच्या कोपऱ्यात देव्हारा. सगळं पुणतांबा गाव तिला 'बंगला' म्हणायचं. बंगला तयार होऊन दिवाळी गेली, संक्रांत गेली, पण दारातनं चाक हललं नव्हतं. कारण गहिनीनाथ रस्ता दाखवायचं यंत्र निवडत बसला होता. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, यंत्रांची तुलना करायचा आणि जेवताना बायकोला समजावून सांगायचा. बायको, ज्ञानेश्वरी, मुकाट भाकरी वाढायची.

शेवटी यंत्र आलं. ताटाएवढं. ते रबरी चकतीनं पुढच्या काचेला चिकटवायचं होतं. गहिनीनाथानं चिकटवलं, हात जोडले, मागं सरला. उन्हानं काच तापलेली. चकती सुटली आणि यंत्र थेट चहाच्या कपात.

शेजारच्या वेल्डिंगच्या शेडमधनं टाळ्या वाजल्या. टाळ्या एलियाच्या. टक्कल तांब्याच्या हंड्यासारखं, डोळे कायम कुणाची तरी फजिती शोधणारे. गेल्या शिमग्याला यानंच गहिनीनाथाच्या म्हशीच्या गळ्यात 'विकणे आहे' अशी पाटी अडकवून पार श्रीरामपूरहून गिऱ्हाईकं आणली होती. पैज हरलेला एलिया मात्र गावानं अजून पाहिला नव्हता.

"गहिनीबा, मोबाईलवर फुकट नकाशा मिळतो. हे कशाला रं?"

"मोबाईलला गाडीची उंची कळत न्हाई," गहिनीनाथ यंत्र पुसत म्हणाला. "बंगला तीन मीटर हाय. मोबाईल नेईल बारक्या पुलाखाली आन् छप्पर ऱ्हाईल तिथंच. याला उंची सांगितली की हे जमंल तोच रस्ता दावतं."

"हे? हे तुला राहात्याला तरी पोचवंल का?"

राहाता म्हणजे बाजाराचं गाव. पुणतांब्याची शेळीसुद्धा एकटी जाऊन येईल.

"डोळे झाकून पोचवंल."

"मग लाव पैज. यंत्र सांगंल तसंच जायचं. मधी कुनाला रस्ता इचारायचा न्हाई, सोताची अक्कल चालवायची न्हाई. राहात्याला पोचलास तर तू जिंकला. न्हाई पोचलास, सोताहून वळलास, तर माझ्या कोंबड्या पावसाळाभर तुझ्या बंगल्यात."

गहिनीनाथानं बंगल्याच्या दारातनं आत पाहिलं. पलंगाला नवी गादी होती. पण ओट्यावर तोवर चारपाच टाळकी जमली होती.

"आन् तू हरलास तर?"

"तर राहात्याच्या भर बाजारात मी तुझं यंत्र! गाडीच्या म्होरं चिकटून उभा ऱ्हातो आन् बाईसारखा बोलतो. डावीकडं वळा, उजवीकडं वळा. बाजार संपंस्तवर दुसरा शब्द काढनार न्हाई."

"आन् पैज लागलेली असताना गाडीतनं खाली उतरून घरी पळायचं न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "उतरला तो हरला."

"मंजूर!" एलियानं हातावर हात मारला.

यंत्र बसवायचं काम अर्थातच एलियाकडं आलं. कुठं बसवायचं यावर सकाळ गेली. मधोमध लिंबू-मिरची होती. डावीकडं देवाचा फोटो, तिथं ज्ञानेश्वरी हात लावू देईना. "देवाला आडवं काई नको, भावजी." शेवटी स्टिअरिंगच्या बाजूला, जुन्या राजदूत फटफटीच्या हेडलाइटची पकड कापून एलियानं असा दांडा वेल्ड केला की गाडी मोडली असती, यंत्र हललं नसतं. रबरी चकती खिशात टाकली. गहिनीनाथ चहा सांगायला आत वळला तशी एलियानं स्क्रीनवर बोट ठेवलं. उंची: तीन मीटर. तिनाचे सहा केले.

आता यंत्राच्या लेखी हा बंगला दुमजली होता.

मंगळवारी सकाळी निघाले. एलिया पंच म्हणून पुढं, मागं ज्ञानेश्वरी आणि एलियाची बायको रोझी. रोझीला उगीच करमणूक म्हणून आणलेली. 'दुपारच्या जेवणाला घरी' असं एलियानं सांगितलं होतं, कारण गहिनीनाथ तासाभरात वैतागून सोताच्या अकलेनं वळणार याची त्याला खात्री होती.

राहात्याच्या रस्त्यावर पूल आला नाही तोच यंत्रातली बाई म्हणाली, "पुढील पूल आपल्या वाहनासाठी योग्य नाही. मागे वळा."

गहिनीनाथानं पुलाकडं पाहिलं. खालून उसाची ट्रॉली आरामात गेली.

"वळू का?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारतो? तुझ्या बाईला इचार," एलिया मिशीत हसला.

गहिनीनाथ मागं वळला. बाईनं श्रीरामपूर धरलं. श्रीरामपुरात तारा लोंबत होत्या, तिथनं नेवासा. नेवाशाला तिला एक कमान पसंत पडली नाही, तिथनं शेवगाव. दुपार झाली, ऊन उतरलं, राहाता पाठीमागं लांब लांब चाललं. एलिया वाट बघतोय की आता हा चिडंल, मग चिडंल. पण गहिनीनाथ शीळ घालत होता.

"गहिनीबा, उशीर व्हायलाय की रं," एलिया न राहवून म्हणाला.

"कुठं जायला? मी तर घरीच हाय."

पैजेत वेळेचं काही ठरलंच नव्हतं. आणि हा गडी घर घेऊन हिंडत होता! भूक लागली की गाडी बाजूला, ज्ञानेश्वरीचं पिठलं. झोप आली की नवी गादी. पलंगावर ज्ञानेश्वरी आणि रोझी, गहिनीनाथ सीटवर, एलिया बेसिनखाली. पाय पसरले की देव्हाऱ्याला लागायचे, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन.

दुसऱ्या दिवशी तसंच. बाई एका गावाला तीन चकरा मारायला लावायची आणि पुढच्या गावाला न्यायची. रोझीनं वाटेत बांगड्या भरल्या. दोघी बायका खिडकीतनं हात दाखवत, खिदळत होत्या.

"अवो, ह्यो बगा डोंगर!" रोझी म्हणायची.

"बगितला," बेसिनखालून आवाज यायचा.

गुरुवारी सकाळी बंगला तिसगावात होता. पाथर्डी तालुका. एलिया ब्रश करताना थिजला. गुरुवार! संध्याकाळी लेकीला, एंजेलाला, बघायला राहात्याहून शांतवन गुरुजी येणार होते, मुलगा मार्कला घेऊन. गुरुजी दर गुरुवारी राहात्याचा बाजार करत, आणि बाजार करूनच पुणतांब्याला येणार होते. शिस्तीचा माणूस. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन ठिकाणी मुलीकडची माणसं वेळेवर हजर नव्हती म्हणून चहा न पिता उठून आलेले. मार्क एंजेलाला मनापासून आवडला होता, आणि बाप बेसिनखाली.

उतरून एसटी धरली तर पैज हरली, आणि एसटी वेळेत पोचंल याचा भरवसा नाही. यंत्रातली उंची पुन्हा तीन केली तर पोचू, पण मग गहिनीनाथ राहात्याला पोचला की पैज हरली. हरली म्हणजे भर बाजारात यंत्र. आणि बाजारात कोण? गुरुजी.

गहिनीनाथ नळावर अंघोळीला गेलेला. एलिया हळूच पुढं सरकला, स्क्रीनवर बोट ठेवलं.

"तिनाचे सहा केलेत ते खोडताय व्हय, भावजी?"

मागं ज्ञानेश्वरी. हातात कांदा.

"वहिनी... तुमाला कवा कळलं?"

"मंगळवारी. पुलाशी बाई बोलली तवाच मी आकडा वाचला."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर दुपारी घरी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "लग्न झाल्यापास्नं मी राहात्याच्या पल्याड गेले न्हवते. ह्यांनी बंगला केला आन् दारात उभा केला. तुमी सहा केले म्हनून शेवगाव बगितलं, तिसगाव बगितलं. देव तुमचं भलं करो." मग कांदा सोलता सोलता म्हणाली, "अजून एक मुक्काम ऱ्हाऊ द्या की. बाई पैठनकडं न्हेईल असं वाटतंय."

एलियानं हात जोडले. पैज हरलेल्या माणसासारखे नाही, पोरीच्या बापासारखे. "वहिनी, सांजच्याला एंजेलाला बगायला येनारेत."

ज्ञानेश्वरीनं कांदा खाली ठेवला. "आधी न्हाई का सांगायचं! करा तीन. पन पुढल्या म्हैन्यात समुद्रापत्तुर. आन् तवा सहा करायला मी सांगंन."

एलियानं सहाचे तीन केले. त्या एका आकड्यानं त्याचं बोट जड झालं.

गहिनीनाथ केस पुसत आला, बटण दाबलं. बाई म्हणाली, "सरळ चला." आणि मग सरळच चालवलं.

"बगितलं?" गहिनीनाथ अख्ख्या वाटेनं सांगत होता. "म्हागाचं घेतलंय. तिला बी इचार करायला येळ लागतो."

राहात्याचा बाजार ऐन भरात होता. वेशीपाशी गाडी थांबली. एलिया खाली उतरला, कुणी सांगायच्या आत बंपरवर चढला, काचेला पाठ लावली. गहिनीनाथानं त्याला दोरीनं आवळलं. आणि त्याच्याच खिशातनं ती रबरी चकती काढून टकलावर थाप मारून बसवली. काचेवर क्षणभर न टिकलेली चकती टकलाला अशी धरली की बाजारानं आरोळी ठोकली.

"पन्नास मीटरवर... कोथिंबीर," एलिया बारीक आवाजात म्हणाला. "डावीकडे वळा."

"आन् भेंडी कुठंय गं बाई?" एका म्हातारीनं विचारलं.

"उजवीकडे. पुढे वांगी आहेत. कृपया वेग कमी करा."

पोरं मागं लागली. भाजीवाल्या पदर तोंडाला लावून वाकल्या. आतून रोझीचं हसणं भोंग्यासारखं येत होतं. आणि मिरचीच्या ढिगापाशी, हातात दोन पिशव्या, पांढरा शर्ट, शांतवन गुरुजी.

बंगला त्यांच्यापुढं येऊन थांबला. गहिनीनाथानं मुद्दाम थांबवला.

गुरुजींनी चष्मा वर केला. दोरी पाहिली, बंपर पाहिला, चकती पाहिली.

"आपण... एंजेलाचे वडील ना?"

एलियाचा चेहरा मिरचीच्या ढिगासारखा. दुसरा शब्द काढायचा नाही ही पैज.

"आपण..." तो त्याच बारीक आवाजात म्हणाला, "होणाऱ्या व्याह्यांजवळ पोहोचला आहात."

गुरुजींनी पिशव्या खाली ठेवल्या. जवळ आले, चकती धरली आणि ओढली. सुटेना. दुसरा हात लावला, बंपरला पाय लावला, ओढली. 'पॉक्' असा आवाज झाला, गुरुजी चकतीसकट मिरच्यांत बसले, आणि एलियाच्या टकलावर रुपयाएवढं लाल कुंकू उमटलं.

मिरच्यांतून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग सगळ्यांना कळलं की तो खोकला नव्हता.

"संध्याकाळी," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "घरी कसं यायचं, तेवढं सांगा."

"पुलाखालून सरळ या," एलिया म्हणाला. बाजार अजून संपला नव्हता, म्हणून बारीकच आवाजात. "उंचीची काळजी करू नका."