पाद्री म्हणजे बाप

बेंजामिन पाद्री झाला त्या गुरुदीक्षेच्या दिवशी सगळ्या वस्तीनं त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. त्याचा बाप शांतवन तेवढा मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिला. पाद्री हा शब्द गलबतातून आला, पोर्तुगीजांच्या बोलीत त्याचा अर्थ बाप, हे लेकानंच त्याला सांगितलं होतं.

"मंग मी कोन?" साखर कारखान्यात हयात घालवलेला शांतवन म्हणाला होता. "ज्याचं नाक पुसलं त्याला बाप म्हनू व्हय?"

सख्खी बहीण आराधनासुद्धा बेंजामिनला फादर म्हणायची. बापानं मात्र अकरा वर्षं 'बेन्या'च म्हटलं.

आज श्रीरामपूरच्या दवाखान्यात शांतवनच्या छातीचं ऑपरेशन होतं. तासाभरानं आत नेणार. त्याआधी त्याला पापकबुली करायची होती, आणि गावचे फादर नाशिकला गेलेले.

"आबा, आपला फादर हाय की भाईर," आराधना म्हणाली.

म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला. मग म्हणाला, "त्यालाच बोलव. त्याचंच हाय ते."

बेंजामिननं कबुली ऐकताना घालायचा जांभळा पट्टा, स्टोल, गळ्यात घातला, दार लोटलं, उशाशी बसला.

"फादर," शांतवन म्हणाला. पहिल्यांदाच. "म्या पाप केलंय."

"बोला."

"लेकाशी खोटं बोललो. याला देवाला द्या, आसं तुजी माय मरताना बोलली, म्हनून सांगितलं. ती काईच बोलली न्हवती. जात्यावर मातुर रोज गायची,

बेंजामिन माझा बाळ, त्याची नवरी नेवाशाची
उंबऱ्यात उभी ऱ्हाते, साय जशी गं दुधाची.

मला वाटलं, लोक पाद्र्याचा बाप म्हनत्याल. आन तू बिनलग्नाचा पाद्री झालास, तवा मला तुला फादर म्हनवंना."

"कितीदा?" सवयीचा प्रश्न बेंजामिनच्या तोंडून निघून गेला.

"येकदाच. पन रोज."

बेंजामिनचा हात उठला, हवेत क्रूस काढला गेला. क्षमेचे शब्द जिभेला पाठ होते. त्याला स्वतःला ते ऐकूच आले नाहीत. त्यानं स्टोल उतरवला. कबुलीत ऐकलेलं पाद्र्यानं पुन्हा काढायचं नसतं, कबूल करणाऱ्यापाशीही नाही.

शांतवनचा चेहरा ताप उतरल्यासारखा निवला होता.

"जेवलास का रं, बेन्या?"

"जेवलो, आबा."

तो सकाळपासून उपाशी होता.

स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं तशी आराधनानं त्याची बाही धरली. "काय म्हनले आबा?"

"जेवलास का, म्हणाले."