मावशीच्या नावाचं कारण

"मावशी, या पुढे. आज तुम्हीच बोला," सर म्हणाले आणि पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली.

मावशी उठली. खरं तर ती एकट्या चिमीची मावशी, सख्खी. पण सहा महिन्यांत अख्ख्या वर्गाची मावशी होऊन बसली होती. वय सेहेचाळीस. दिवसभर रुग्णालयाच्या औषधभांडारात खोकी उघडायची आणि संध्याकाळी गुंतवणूक व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. निम्म्या वयाच्या पोरांत बसताना पहिला आठवडा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चिमी शेजारी होती म्हणून ती टिकली.

वर्गाची रीत साधी होती. दोघादोघांची जोडी, जोडीला संगणकावर एक कोटी रुपये. पैसे खोटे, बाजारभाव मात्र खरे. एकाने खरेदी-विक्री सुचवायची, खाली दोन ओळी कारण लिहायचं आणि दुसऱ्याने आपल्या पासवर्डने मंजुरी द्यायची. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "नफा कुणालाही होतो. मला कारण दाखवा."

भांडारात फोन कपाटात कुलूपबंद ठेवावा लागे. म्हणून मावशीने आपला पासवर्ड चिमीला देऊन टाकला. "मी हो म्हटलं की तूच दाब माझ्या वतीनं," ती म्हणाली होती. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर कारण सांगायची, चिमी टाइप करायची. बाराव्या वर्षापासून आपल्या घरात वाढलेल्या पोरीपासून काय लपवायचं?

आज निकाल होता आणि एका गुंतवणूक कंपनीच्या बाई आल्या होत्या. पहिल्या आलेल्या जोडीतल्या एकाला त्या शिकाऊ म्हणून नोकरीवर घेणार होत्या. बावीस वर्षं दुसऱ्यांनी मागवलेलं मोजून झालं, आता काय घ्यायचं ते आपण ठरवावं, ही मावशीची हौस फक्त चिमीला ठाऊक होती. गेल्या आठवड्यापर्यंत त्यांची जोडी चौथी होती. मग भांडाराची वार्षिक मोजदाद निघाली आणि मावशीला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. "सगळं ठीक आहे गं, तू नको बघूस," चिमी रोज म्हणायची. आज येऊन पाहते तो पहिला नंबर! आपण शेअर घेतलेली औषध कंपनी वधारली असणार, असं समजून मावशी मनातल्या मनात फुलून गेली होती.

पाहुण्या बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "ही औषध कंपनी तुम्ही पाच महिने धरून ठेवलीत. शेवटच्या आठवड्यात सगळी विकलीत आणि सगळा पैसा दुसऱ्या एकाच शेअरमध्ये घातलात, आणि तो वधारला. जुगारच म्हटला असता मी, पण तुमचं कारण वाचलं." त्यांनी चष्मा लावून वाचलं, "'आमच्या भांडारात या कंपनीचा माल गेले तीन आठवडे उशिरा येतो आहे. मी स्वतः नोंद केली आहे.' असं निरीक्षण कुठल्या अहवालात सापडत नाही, मावशी. आम्हाला असंच माणूस हवंय."

पुन्हा बाकं वाजली. मावशी पडद्याकडे बघतच राहिली. वाक्य तिच्यासारखंच होतं. 'मी स्वतः नोंद केली आहे' हे तर तिचं नेहमीचं शेपूट. पोरीने नाव वापरलं होतं आणि सूरही उचलला होता. पण त्या कंपनीचा माल तिन्ही आठवडे मंगळवारी दहाच्या आत आला होता. खोकी मावशीने स्वतःच्या हाताने उघडली होती.

तिने चिमीकडे पाहिलं. चिमी हसत होती आणि हसता हसता किंचित मान हलवत होती. बोलू नकोस, बोलू नकोस.

गप्प राहायला काय लागत होतं? नुसतं आभार मानायचे, की नोकरी हातात. नोकरी हवी होती मावशीला, फार हवी होती.

"माल उशिरा आलेला नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला. "एकदाही नाही. हे मी लिहिलेलं नाही."

"पण हे कारण तुमच्याच खात्यातून लिहिलेलं आहे," सर गोंधळून म्हणाले.

"पासवर्ड मी दिला होता. ती चूक माझी."

कुणाला दिला, हे सांगायची गरज नव्हती. जोडीत दोघीच होत्या. सरांनी दोघींचं नाव यादीतून खोडलं. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "खरं बोललात, बरं वाटलं." मग त्या दुसऱ्या नंबरच्या जोडीकडे वळल्या.

बसथांब्यावर चिमी रडत होती, आणि भांडतही होती. "तुलाच मिळत होती ना नोकरी? तुझ्यासाठीच केलं मी! चौथ्या नंबरला कोण कुत्रं विचारतं?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ने मावशी हबकली. केसाने गळा कापला होता पोरीने, आणि वर तिला त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नव्हतं. मावशीचं 'नाही' म्हणजे वाटेतला दगड; वळसा घालून गेलं की झालं. परक्या कुणी फसवलं असतं तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. इथे शिवी द्यायची तरी कुणाला?

"आणखी कितीदा लिहिलंस माझ्या नावानं?" तिने विचारलं.

चिमीने नाक पुसलं. "दोनदाच."

मावशी आठवत राहिली. सरांनी वर्गात वाचून दाखवलेली कारणं, पोरांनी वहीत उतरवून घेतलेली कारणं. त्यातली आपली कोणती आणि पोरीची कोणती, हे तिला सांगता येईना. तेवढ्यात बस आली.

बसमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. चिमी खिडकीशी सरकली आणि नेहमीसारखी शेजारची जागा हाताने झाकून बसली. मावशी सकाळपासून उभी होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या. तरी ती वरचा दांडा धरून उभीच राहिली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ चढले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"बसा ना तिथे," मावशी त्यांना म्हणाली. "ती जागा कुणाची नाहीये."