दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

मला व्हॉइस मेसेजचा मनस्वी तिटकारा होता आणि तो मी कधी लपवून ठेवला नाही. ‘मोटार-पंप मदत’ या आमच्या ग्रुपचा पहिलाच नियम होता: प्रश्न लिहून विचारा, बोलून नाही. बोललेला मेसेज दिसला की मी तो न ऐकता काढून टाकायचो. आता तो नियम नाही. तो कसा गेला, ते सांगतो.

वरणगावच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये मी एकतीस वर्षं काढली. इतकी वर्षं तिथे काढल्यावर माणसाला लिहिलेलं तेवढंच खरं वाटू लागतं. काम काय, कुठे, कोणी करायचं, हे कागदावर आल्याशिवाय मी पान्ह्याला हात लावत नसे. निवृत्त झालो तेव्हा माझ्या मुलीने, भूमिकाने, मला हा ग्रुप काढून दिला, म्हणजे मी दिवसभर घरात कुरकुरत बसणार नाही. वर्षभरात आठशे सत्तर माणसं जमली आणि माझी कुरकुर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. ‘मोटार चालत नाही, काय करू?’ बस, एवढाच प्रश्न. कोणती मोटार, किती एचपीची, विहिरीतली की बोअरची, सगळं मी अंतर्ज्ञानाने ओळखायचं. एकाने नुसता स्टार्टरचा फोटो टाकून खाली हात जोडले होते. नमस्कार पोचला, आता प्रश्न पाठवा, असं मी त्याला लिहिलं. लोकांना ते आवडलं. नाना फटकळ आहे पण हुशार आहे, असं माझं नाव झालं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं.

मग मी पाच ओळी ठरवून दिल्या. पहिल्या ओळीत मोटार, दुसरीत स्टार्टर, तिसरीत बिघाड, चौथीत आतापर्यंत काय करून पाहिलं. पाचवी ओळ रिकामी सोडायची. काम झाल्यावर विचारणाऱ्याने परत यायचं आणि ‘पुढे काय झालं’ ते तिथे लिहायचं. त्याशिवाय प्रश्न बंद झाला असं मी मानत नसे. या पाचव्या ओळीचा मला फार अभिमान होता. उत्तर घेऊन पसार होणारी माणसं मला चालत नव्हती.

डिसेंबरात एका संध्याकाळी ग्रुपवर दिपमाला नावाच्या बाईचा व्हॉइस मेसेज आला. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. मी तेव्हा चहा घेत होतो. सुरुवात चुकून ऐकू आली, साक्रीकडची अहिराणी होती, कांद्याला पाणी द्यायचंय, लाईट आठवडाभर रात्रीची होती, असं काहीतरी. मी तो लगेच काढला आणि ठरलेली ओळ टाकली: ‘ताई, पाच ओळींत लिहून पाठवा.’ माझी बायको सुनंदाबाई शेजारी मेथी निवडत होती. ती म्हणाली की एकदा ऐकून तरी घ्या, बाई एवढं बोलली आहे. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, एकीचं ऐकलं तर उद्या आठशे जण गप्पा मारायला बसतील. त्यावर तिने मेथीकडे बघत, घरातला पंखा दिवाळीपासून आवाज करतोय, त्याचा प्रश्न कोणत्या ओळीत लिहू, असं विचारलं. मी हसलो. त्या संध्याकाळी मी हसलो होतो, हे मला विसरता येत नाही.

अर्ध्या तासात दिपमालाचा लिखित प्रश्न आला. इतका नेटका प्रश्न मी ग्रुपवर पाहिला नव्हता. विहिरीतली सबमर्सिबल, पाच एचपी, तीन फेज, लोखंडी पाइप. स्टार्टर कोणता, किती वर्षांचा. बिघाड: दहा-बारा मिनिटं चालून मोटार ट्रिप होते, आपोआप बंद पडते. करून पाहिलं: फ्यूज बदलला, स्टार्टर पुसून घेतला. पाचवी ओळ रिकामी. मी जेवणाआधीच उत्तर लिहिलं. तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, एक फेज कमी भरत असेल. स्टार्टरचे पॉइंट काळे पडले असतील तर मेन स्विच बंद करून घासून घ्या. ओव्हरलोडचं सेटिंग मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याशी जुळवा. मग मोटार चालू करा आणि वरच्या पाइपाला हात लावून बघा, पाण्याचा जोर एकसारखा लागतो की तुटक.

उत्तर बरोबर होतं. आजही कोणी त्या पाच ओळी पाहून ते तपासलं तर बरोबरच म्हणेल. मी तिचा प्रश्न वर पिन करून ठेवला आणि खाली लिहिलं, ‘प्रश्न असा विचारावा.’ पन्नास-साठ अंगठे आले.

तिची पाचवी ओळ मात्र आली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, दिपमालाताई, पुढे काय झालं? आठव्या दिवशी परत विचारलं. पिन केलेला आदर्श प्रश्न आणि तोच उघडा, हे मला खटकत होतं. तीन आठवडे झाले तेव्हा मी सगळ्यांसमोर लिहिलं की उत्तर घ्यायला लोक पळत येतात, शेवट सांगायला कोणाला सवड नसते. ते वाचून चार जणांनी, बरोबर बोललात नाना, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमालाचा मेसेज आला. पाच ओळींतच होता. मोटार: तीच. स्टार्टर: तोच. बिघाड: आता नाही. काय केलं: नानांनी सांगितलं ते सर्व, त्याच क्रमाने. पुढे काय झालं: मोटार चालू झाली, पाइपाला हात लावला आणि माझे पती कुंदन जागीच गेले.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. सुनंदाबाईने काय झालं म्हणून विचारलं, तर मी फोनकडे बोट केलं. तिने फोन उचलून स्वतः वाचलं. मग तो माझ्यासमोर उताणा ठेवला.  मी दुपारपर्यंत दिपमालाचा जुना प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला. त्यात करंट उतरतो असा एक शब्द नव्हता. आपली चूक नाही, असं मी स्वतःला पंचवीस वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद आठवले.

ग्रुपच्या यादीत तिचा नंबर होता. मी फोन केला, तो तिच्या भावाने उचलला. जितेंद्र नाव, नरडाण्याला कंपनीत कामाला. तो शांतपणे बोलला. पोलीस येऊन गेले होते. खाली विहिरीत केबल लोखंडी पाइपाला घासून सोलली होती, अर्थिंगची तार केव्हाच तुटलेली होती, त्यामुळे सगळा करंट पाइपात उतरला होता. तुम्हाला कोणी दोष देत नाही, म्हणाला. मी विचारलं की तो पहिला व्हॉइस मेसेज कोणाकडे आहे का.  तो म्हणाला, ताईने तो आधी मला पाठवला होता, नीट बोलले का ते बघ म्हणून. मीच म्हटलं होतं की तुमच्या ग्रुपवर टाक. माझ्याकडे आहे, आणि ताईकडेही आहे. मी म्हटलं, मला ऐकायचाय, पण पाठवू नका, मी येतो.

सकाळी निघालो. भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री, आणि तिथून पुढे काळीपिवळी जीप. पोचायला दुपार झाली. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक गाडी बदलताना ते विसरत होतो.

घर गावाच्या कडेला होतं. ओट्यावर कुंदनची आई, भागाबाई, सुपात डाळ घेऊन बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि आत हाक मारली. दिपमाला बाहेर आली. तिशीही उलटली नसेल. बारावी झालेली, गावातल्या बायकांचे अर्ज लिहून देणारी, हे मला जितेंद्रने सांगितलं होतं. तिने मला चटईवर बसवलं आणि प्रवासाचं विचारलं. तिला माझा राग आला असता तर मला कुठे बघायचं ते कळलं असतं.

मी म्हटलं, तुम्ही आधी जे बोलून पाठवलं होतं ते मला ऐकवा. तिने फोन दोघांच्या मध्ये चटईवर ठेवला.

सुरुवात तीच होती, कांदे, लाईट, रात्रपाळीचं पाणी. मग म्हैस ओरडली. मग शेजारचा अभिमन काय म्हणाला ते, आणि साक्रीच्या दुकानदाराने काय सांगितलं ते. दीड मिनिट गेलं तरी ती बिघाडापर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी मी ऐकायला बसलो असतो तर याच जागी कंटाळलो असतो, हेही मला कबूल केलं पाहिजे. तेवढ्यात मागून एका पुरुषाचा आवाज आला, मोकळा, घाई नसलेला.

“सांग ना त्यासले, पाइपले हात लागा का झिनझिन्या येतस.”

भागाबाईंचा डाळीतला हात थांबला.

रेकॉर्डिंगमधली दिपमाला पुढे म्हणाली की हो, पाइपाला हात लागला की झिणझिण्या येतात असं हे म्हणताहेत, पण हात ओला असला की थोडंफार लागतंच, त्याचं काही नाही, तुम्ही ट्रिप व्हायचं तेवढं सांगा. त्यावर कुंदन हसला. मोठ्याने नाही, बायको आपलं गाऱ्हाणं उडवून लावते आहे म्हणून माणूस हसतो तसा. मग राम राम, आणि मेसेज संपला.

एक मिनिट बावन्नाव्या सेकंदाला तो बोलला होता. झिणझिण्या हा एकच शब्द कानावर पडला असता तर मी जेवणाचं ताट सरकवून फोन केला असता. शिकाऊ पोरालाही हे कळतं.

मी दिपमालाला विचारलं की लिहिताना ते का गाळलं. विचारल्यावर जीभ चावली, कारण त्यात तिच्यावर ढकलल्यासारखं झालं. पण ती चिडली नाही. तिने सांगितलं की लिहायला बसली तेव्हा तिने सगळं पाच ओळींत बसवून पाहिलं. मोटार ट्रिप होते हा बिघाड होता. झिणझिण्या हा तिला बिघाड वाटला नाही, मोटार तर त्यामुळे बंद पडत नव्हती. आणि फापटपसारा लिहिला की नाना ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलतात, हे तिने वाचलेलं होतं. उत्तरात पाइपाला हात लावा असं आलं तेव्हा कुंदन म्हणाला होता की नानांना सगळं माहीत आहे, ते सांगतात म्हणजे काही भीती नाही.

ती हे सांगत होती आणि मी खाली चटईच्या काड्यांकडे बघत होतो. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही माणसाला ओरखडासुद्धा आला नव्हता. घरी कपाटात त्याचं प्रशस्तिपत्र आहे. मी रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस परक्या घरात रडतो तेव्हा त्याला थांबवायला कोणाला सुचत नाही. भागाबाईंनी तांब्या माझ्याजवळ सरकवला, एवढंच.

सावरल्यावर मी माफी मागितली. दिपमाला त्यावर हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.  मग तिने मला एक प्रश्न विचारला, आणि तो मला पाच ओळींत मांडून नको होता.

“नाना, तवय हाई आयकं राहतं, ते तुम्ही काय सांगतात?”

तेव्हा ऐकलं असतं तर जे सांगितलं असतं तेच मी सांगितलं, “मेन बंद करा. पाइपाला हात लावू नका. वायरमन येईपर्यंत विहिरीवर कोणी जाऊ नका.”

“इतलंच?”

“इतकंच.”

तिने मान हलवली. बरंच मोठं, अवघड काहीतरी असेल असं तिला वाटत असावं, आणि ते तसं असतं तर तिला सोपं गेलं असतं. मग तिने सांगितलं की हे ग्रुपवर लिहा, तिच्या प्रश्नाखाली, आणि तो प्रश्न वरून काढू नका. मी तिथेच बसून लिहिलं. मेसेज न ऐकता काढला होता, तेही लिहिलं, आणि बोलून विचारायला मनाई करणारा पहिला नियम काढून टाकला.  लिहून झाल्यावर तिला दाखवलं, तिने वाचलं आणि फोन परत दिला.

साक्रीची शेवटची जीप चुकेल म्हणून मी उठलो. भागाबाई म्हणाल्या, चहा तरी घी ज्या, भाऊ. मी नको म्हटलं. दिपमाला जागची उठली नाही. तिने फोन उचलून हातात धरला आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, सुरुवातीपासून. हे माझ्यासाठी नव्हतं. कांद्यापासून म्हशीपर्यंत, अभिमनपासून दुकानदारापर्यंत ती सगळं ऐकत बसली, त्या एका आवाजापर्यंत पोचण्यासाठी. मी मुद्दाम हळूहळू चपला घातल्या. अंगणातून रस्त्याला लागलो तेव्हा कुंदनचं हसू मला दारातून ऐकू आलं.