टिटवीच्या पात्याची सावली

मंगळावरचा सूर्यास्त निळा असतो. गेरूरंगी आभाळाच्या काठाशी थंड, निःशब्द, परका निळा. त्या निळाईत, वाळूच्या उतारावर टिटवी उभी होती. माणसांनी धाडलेलं चिमुकलं, वैमानिकाविना, गरगरत्या पात्यांवर उडणारं यान. उभी होती, पण आता उडणार नव्हती.

तिने पाठवलेलं छायाचित्र पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इला पाहत होती. वाळूवर पात्याची सावली. लांब, सडपातळ, सुरेख सावली. आणि टोकाशी तुटलेली.

पातं इलाचं. कार्बनच्या तंतूंचे थर तिने गोधडी शिवावी तसे हाताने बसवले होते. डोळा तिच्या सहकारी यामिनीचा, पोटाखालचा तो कॅमेरा, खालचे दगड ओळखत ओळखत वाट धरणारा. टिटवी उडाली तेव्हा जग म्हणालं, काय डोळा आहे! दऱ्यांची चित्रं घराघरांत पोचली. पात्यावाचून तो डोळा भुईलाच खिळला असता, हे कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून इलाच्या उरात एक ठिणगी होती. विझेना, भडकेना.

आता प्रश्न एकच. आधी पातं तुटलं, की आधी डोळा चुकला? पातं कच्चं ठरलं, तर पुढच्या यानाच्या कामात इलाला जागा नव्हती.

तिने सावली मोजली. सूर्याचा कोन, वाळूचा चढ, तुटल्या टोकाची कड. उत्तर हळूहळू उजळलं. खाली नितळ वाळू, खुणेला एक दगड नाही. डोळा भांबावला, टिटवी तिरकी घसरत उतरली, पातं उतारावर आपटलं. पातं निर्दोष! इलाने ते वाक्य ओठांवर खडीसाखरेसारखं घोळवलं.

पण बैठकीत आधी यामिनीच उठली. "इलाचं पातं खणखणीत होतं, सर. माझाच डोळा चुकला."

मग सगळे तिच्याभोवती. "याला म्हणतात धीर!" मोहिमेचे प्रमुख नाडकर्णी सर म्हणाले. "पुढचा डोळाही तूच कर."

"गप्प का गं? सुटलीस की!" यामिनीने इलाचा खांदा हलवला.

"चुकण्यातसुद्धा तुझाच पहिला नंबर," इला म्हणाली. यामिनी खळखळून हसली. तिला ती थट्टा वाटली.

निर्दोष पात्याकडे कोण बघतं?

संध्याकाळी नवं चित्र आलं. डोळा अजून जिवंत होता, पण जागचा हलू शकत नव्हता. आता दरी नाही, क्षितिज नाही. रोज सूर्य उगवेल, रोज तो उघडेल, आणि रोज त्याच्यापुढे एवढंच असेल.

बघ, इला मनाशी म्हणाली. आता बघ.

आणि निळ्या उजेडात, तांबड्या वाळूवर, त्या जागत्या डोळ्यासमोर तुटक्या पात्याची सावली लांबत गेली, लांबत गेली, अंधार होईपर्यंत लांबत गेली.