स्टेनुनने तीनवर ठेवलेली मूठ

मित्रांनो, खिडकीखाली भिंतीला टेकून उभा असलेला, खोली ऊबदार ठेवणारा मी एक जुना लोखंडी रेडिएटर आहे. उत्तरेच्या थंड समुद्राकाठी असलेल्या हूसाविक गावात, केतिल आणि स्टेनुन या नवराबायकोच्या घरात, माझे आयुष्य गेले.

मी आलो तेव्हा इथे कोळशाची शेगडी होती आणि भिंती काळ्या होत्या. मग जमिनीत खोल भोक पाडले गेले आणि तिथले कढत पाणी नळातून घराघरांत आले. ते माझ्या पोटातून फिरू लागले. त्याला गंधकाचा वास असतो. आम्हाला तो घरचाच वाटतो.

माझ्या एका बाजूला आकडे कोरलेली एक गोल मूठ आहे. ती फिरवून ऊब कमीजास्त करायची. पण आमच्या गावात मुठीला कोण हात लावतो? उकडले की सरळ खिडकी उघडतात. केतिलही तेच करायचा.

"अरे, मूठ फिरव ना! समुद्रातल्या देवमाशांना शेक देतोयस का?" स्टेनुन ओरडायची.

"देऊ दे की. जमिनीतलं पाणी संपतंय थोडंच!"

ती माझ्यावर लोकरीचे हातमोजे वाळत घालायची आणि गार तळवे टेकवून उभी राहायची. ते तळवे मला अजून आठवतात.

दवाखान्यात जाताना तिने मूठ तीनवर ठेवली. म्हणाली, "परत येईन तेव्हा घर गार नको." ती परत आली नाही.

त्यानंतर केतिलने मुठीला हात लावला नाही. उकडले तर खिडकी, गारठले तर स्वेटर. दोन हिवाळे गेले. न फिरवल्यामुळे मुठीच्या आतली सळी गंजून अडकली. मग माझा सांधा गळू लागला. पाणी बंद करायला मूठ फिरेना. नळवाला म्हणाला, "हा काढून टाकू. नवा बसवू."

"नाही. तिचा शेवटचा हात आहे त्यावर," केतिल म्हणाला.

त्यांची मुलगी आउस्दीस फरशी पुसत होती. "बाबा, आई जन्मभर काय सांगत होती? मूठ फिरव म्हणून! आता तरी ऐका."

 केतिल गुडघे टेकून बसला. त्याने मुठीला स्टेनुनचा हातमोजा गुंडाळला आणि ती दोन्ही हातांनी पिळली. मी करकरलो. सळी सुटली, पाणी थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पूर्ण गार झालो.

सांधा दुरुस्त झाल्यावर त्याने मूठ पुन्हा तीनवर आणली. स्वतःच्या हाताने. आता उकडले की तो ती फिरवतो. खिडकी बंदच असते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू हात न लावता जपू नका. ती आतून गंजते. ती वापरा, फिरवा, पुसा. एवढेच माझे मागणे आहे.

केतिल बाहेरून आला की माझ्यावर हातमोज्यांचे दोन जोड वाळत घालतो. त्यातला लहान जोड कोरडाच असतो. तोही मी ऊन करून ठेवतो.